डाव नसलेला खेळ : ‘ईव्ह ऑनलाइन’मधील प्रयोजन आणि रीती

काव्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वी विचारला आणि त्याची उत्तरेही दिली. अकराव्या शतकात मम्मटाने यश, अर्थ, व्यवहारज्ञान, अशिवाचे निवारण, तत्काळ लाभणारी परमानंदाची अवस्था आणि कांतेच्या बोलण्यासारखा गोड उपदेश अशी सहा प्रयोजने सांगितली. पदव्युत्तर वर्गांतून ती आजही पाठ केली जातात. या सहाही प्रयोजनांच्या मुळाशी एक गृहीत आहे. काव्य कशासाठी, हे कवीला आणि रसिकाला निदान अंधुकपणे तरी ठाऊक असते, असे ते गृहीत होय. आता अशी एखादी कृती कल्पावी की जिच्या निर्मात्यांनी प्रयोजन मुद्दामच सांगितलेले नाही, आणि जिच्यात शिरणाऱ्या प्रत्येकाने ते स्वतः ठरवावयाचे आहे. अशा कृतीचे समीक्षण कोणत्या परिभाषेत करावे? प्रस्तुत लेखात ‘ईव्ह ऑनलाइन’ या अवकाशक्रीडेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे.

रेक्याविक येथील ‘सीसीपी’ या संस्थेने हा खेळ ६ मे २००३ रोजी प्रसिद्ध केला. सात हजारांहून अधिक तारामंडले असलेले एकच विश्व आणि त्या एकाच विश्वात वावरणारे सर्व देशांतील खेळाडू, अशी त्याची मूळ रचना आहे. (चीनमधील खेळाडूंसाठी वेगळी व्यवस्था आहे, तिचा विचार येथे केलेला नाही.) खेळाडूला आरंभी एक लहानसे यान मिळते. पुढे त्याने खनिजे काढावी, माल वाहावा, याने बांधावी, बाजारात खरेदी-विक्री करावी, वाटमारी करावी, एखाद्या संघाचा सैनिक व्हावे, अथवा नुसते हिंडावे. खेळ यांपैकी काहीच सक्तीने सांगत नाही. दोन नियम मात्र कठोर आहेत. नष्ट झालेले यान परत मिळत नाही, हा पहिला. खेळाडूची कौशल्ये घड्याळाच्या गतीने वाढतात, तो झोपलेला असला तरी वाढतात, आणि एखादे मोठे यान चालविण्याची पात्रता येण्यास कित्येक महिने लागतात, हा दुसरा. नवख्याला पहिल्याच दिवशी ‘मी येथे काय करावे?’ हा प्रश्न एवढ्या तीव्रतेने पडतो, याचे कारण या दुसऱ्या नियमात आहे. बुद्धिबळात चुकीची खेळी केली तर पुढच्या डावात ती सुधारता येते. येथे चुकीची निवड म्हणजे गेलेले महिने.

२०१६ च्या नोव्हेंबरात हा खेळ काही मर्यादांसह विनामूल्य खुला झाला. बुलढाणा जिल्ह्यातील तरुणांच्या हातात दिसतात ते बहुधा भ्रमणध्वनीवरचे, दहा-पंधरा मिनिटांत निकाल लावणारे खेळ. त्या खेळांवर हात बसलेला तरुण ‘ईव्ह’मध्ये शिरला तर तो गोंधळतो, आणि आठवडाभरात बाहेर पडतो. ‘यात जिंकायचे कसे, हेच कळत नाही,’ ही त्याची तक्रार असते. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यात या कृतीचे लक्षण दडलेले आहे, आणि ते उलगडण्यास मराठीतील दोन शब्दांचा भेद पुरेसा पडतो.

‘खेळ’ आणि ‘डाव’ हे ते दोन शब्द होत. डाव मांडतात, रंगतो, मोडतो, संपतो, अंगावर येतो. खेळ हा त्या मानाने व्यापक शब्द. डावाला आरंभ आणि शेवट असतो. खेळाला तो असेलच असे नाही. आपण ‘खेळती हवा’ म्हणतो, शेतात पाणी ‘खेळवतो’, दुकानदार ‘खेळते भांडवल’ जपतो. या प्रयोगांत जिंकणे-हरणे कोठेच नाही. अडथळ्याविना फिरत राहणे एवढाच अर्थ आहे. ‘ईव्ह’च्या निर्मात्यांनी खेळ दिला, डाव दिला नाही, असे म्हटले म्हणजे त्या तरुणाच्या तक्रारीचा नेमका अर्थ लागतो. ‘डाव’ शब्दाला युक्ती, कावा असाही अर्थ आहे. या विश्वात खेळाडू जे डाव मांडतात ते पुष्कळदा दोन्ही अर्थांनी डावच असतात, हा भाग निराळा.

पाश्चात्त्य विचारवंतांपैकी बर्नार्ड सूट्स याने १९७८ साली खेळाची जी व्याख्या केली, तीत खेळाआधीच ठरलेले एक साध्य आणि तेथे पोचण्याच्या वाटेवर आपण होऊन स्वीकारलेले अनावश्यक अडथळे, असे दोन घटक आहेत. ‘ईव्ह’मध्ये अडथळे विपुल, आणि साध्याची जागा रिकामी. म्हणून सूट्सच्या कसोटीला ही कृती पुरी उतरत नाही. रॉजे कायवा याने १९५८ मध्ये स्वैर क्रीडा आणि नियमबद्ध क्रीडा अशी दोन टोके मानली होती. येथे नियम एका टोकाचे आणि हेतू दुसऱ्या टोकाचा, असा विचित्र संयोग झाला आहे. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांनी जगाच्या निर्मितीला प्रयोजन नाही, ती केवळ लीला आहे, असे प्रतिपादन केले. परंतु तेथे लीला करणारा पूर्णकाम आहे. आपला खेळाडू पूर्णकाम नव्हे. त्याला संध्याकाळचे दोन तास मिळतात, आणि ते वाया गेले असे वाटू नये अशी त्याची साधी अपेक्षा असते.

या अपेक्षेला उत्तर म्हणून खेळाडूंचे वर्ग पाडण्याची पद्धत रूढ आहे. रिचर्ड बार्टल याने १९९६ मध्ये, केवळ मजकुरावर चालणाऱ्या त्या काळच्या संगणकीय खेळांच्या निरीक्षणावरून, साध्य गाठणारे, शोध घेणारे, संगत जोडणारे आणि इतरांवर मात करणारे असे चार प्रकार सांगितले. ही मांडणी अतिशय लोकप्रिय झाली. तू यांपैकी कोण ते आधी ओळख, मग तुला तुझे प्रयोजन सापडेल, असा उपदेश नवख्याला सर्रास केला जातो. आमच्या मते या उपदेशात क्रम उलटा आहे, आणि तो का उलटा आहे हे रीतिविचाराच्या इतिहासावरून चांगले स्पष्ट होते.

वामनाने आठव्या शतकात रीतीला काव्याचा आत्मा मानले आणि वैदर्भी, गौडी, पांचाली असे तिचे भेद केले. विदर्भातल्या वाचकाला वैदर्भीचा थोडा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण देश काव्याला गुण देतो असे वामनाचेही म्हणणे नाही. त्या त्या प्रदेशातील कवींत ती आढळली म्हणून तिला ते नाव, एवढेच तो सांगतो. पुढे कुंतकाने ही देशवाचक नावेच नाकारली. सुकुमार, विचित्र आणि मध्यम हे मार्ग कवीच्या स्वभावातून निघतात, आणि स्वभावानुसार व्युत्पत्ती व अभ्यास घडतात, असे त्याने ‘वक्रोक्तिजीविता’त मांडले. तेवढ्यावर तो थांबत नाही. व्युत्पत्ती आणि अभ्यास स्वभावाला व्यक्त करतात आणि स्वभाव त्यांना पुष्ट करतो, असा परस्परसंबंधही तो मानतो. याचा अर्थ असा की, कवीने लिहून पाहिल्यावाचून त्याचा मार्ग त्यालाही पुरता कळत नाही.

हेच खेळाडूला लागू पडते. बार्टलची नावे वामनाच्या देशनामांसारखी आहेत. ओळख पटविण्यास सोयीची, कारण सांगण्यास अपुरी. एकच माणूस सायंकाळी बाजारभाव पाहत बसतो आणि रात्री संघाबरोबर लढाईवर जातो. त्याला कोणत्या वर्गात घालावयाचे? प्रकार माणसांचे नव्हेत, कृतींचे आहेत. आणि कृतींच्या पुनरावृत्तीतून जो कल तयार होतो तिला ‘खेळरीती’ म्हणणे युक्त ठरेल. आधी रीती रुळते, मग तिच्यातून प्रयोजन दिसू लागते. खनिज काढणाऱ्याला सहा महिन्यांनी कळते की त्याला धातूपेक्षा शांतता हवी होती.

परंतु स्वभावाच्या पलीकडेही एक गोष्ट रीती घडविते, आणि कुंतकाकडून ती मिळत नाही. ती म्हणजे वाट आणि बाजार. ‘ईव्ह’च्या प्रारंभीच्या काळात युलाई या मंडलात मोठी बाजारपेठ होती, कारण दूरदूरचे हमरस्ते तेथे मिळत. निर्मात्यांनी ते रस्ते काढून टाकले, युलाई ओसरली, आणि जिता नावाच्या मंडलात खेळाडूंनी आपण होऊन नवी पेठ वसविली. ती निर्मात्यांनी नेमून दिलेली नव्हती, आणि आजही सर्वांत मोठी पेठ तीच आहे. आपल्या खामगावची गोष्ट याच्या बरोबर उलट घडली. तेथे कापसाचा मोठा बाजार आधी होता, आणि जलंबहून खामगावपर्यंतचा सुमारे १३ किलोमीटरचा लोहमार्ग १८७० मध्ये त्या बाजाराकडे आला. रस्त्याने बाजार हलविला काय किंवा बाजाराने रस्ता ओढून घेतला काय, अडत्याची रीती या दोहोंवर अवलंबून असते. जिता येथे भावातील किंचित तफावतीवर जगणारा खेळाडू आणि तेजी-मंदी ओळखणारा खामगावचा अडत्या यांना एकमेकांची भाषा कळावी. दोघांनाही खेळते भांडवल हवे, आणि दोघांनाही कापूस स्वतः पिकवावयाचा नसतो.

हिंडणाऱ्याची रीती याहून निराळी. ‘ईव्ह’मधील एका खेळाडूने सुमारे दहा वर्षे खर्चून, आपले यान एकदाही न गमावता, प्रवेश करता येण्याजोगे प्रत्येक तारामंडल पाहिले. २०१९ मध्ये हे भ्रमण पुरे झाले, आणि निर्मात्यांनी पुढे खेळाच्या विश्वातच त्याचा पुतळा उभारला. या पुतळ्याचे कौतुक सर्वत्र झाले. आम्हाला मात्र तो थोडा खटकतो. ज्या प्रयोजनाला खेळाने काही मोल ठेवले नव्हते, त्याला मोल देताच ते प्रयोजन बदलते. महानुभाव आचारधर्मात ‘अटन’ ही संज्ञा आहे; तेथे हिंडणे हेच व्रत, मुक्कामाची आसक्ती हा दोष. तरीही त्याच परंपरेने चक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने ‘स्थानपोथी’त काळजीपूर्वक नोंदली. ‘लीळाचरित्रा’त आपल्या जिल्ह्यातील लोणारही येते, आणि त्या ग्रंथाची १९७८ ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध करणारे डॉ. वि. भि. कोलते हे याच जिल्ह्यातील नरवेलचे. अवकाशातून आदळलेल्या पिंडाने बसाल्टात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडले, ही लोणारची भूशास्त्रीय हकीकत झाली. तेथे लवणासुराची कथा, दैत्यसूदनाचे देऊळ आणि चक्रधरांची लीळा येऊन वसली तेव्हा त्या विवराचे ‘स्थान’ झाले. ‘एलिट डेंजरस’ या २०१४ च्या दुसऱ्या अवकाशक्रीडेत एखादा तारा प्रथम पाहणाऱ्याचे नाव त्या ताऱ्याच्या नोंदीत राहते. सुमारे चाळीस हजार कोटी ताऱ्यांच्या त्या आकाशगंगेत माणसे अशा नोंदीसाठी आठवडेच्या आठवडे एकटी प्रवास करतात. नुसता तारा त्यांना पुरत नाही. त्यांना स्थान हवे असते.

लढणाऱ्याच्या रीतीकडे पाहताना मराठीचा एक प्रत्यय उपयोगी पडतो. ‘मुलांशी खेळतो’ आणि ‘जिवाशी खेळतो’ या दोन्ही वाक्यांत ‘-शी’ आहे. एकात सोबत, दुसऱ्यात धोका. ‘त्याच्याशी बोललो’, ‘त्याच्याशी भांडलो’ येथेही तोच. सहकार्य आणि विरोध यांना एकच प्रत्यय पुरतो, कारण दोहोंतही दुसऱ्याची उपस्थिती अनिवार्य आहे. ‘ईव्ह’मध्ये शत्रू हा बहुतेक वेळा दुसरा खेळाडू असतो, आणि त्याच्यावाचून लढणाऱ्याचे प्रयोजन उभेच राहत नाही. २७ व २८ जानेवारी २०१४ रोजी ‘बी-आर-५-आर-बी’ या मंडलात सुमारे एकवीस तास युद्ध चालले. सात हजारांहून अधिक खेळाडू त्यात गुंतले, ७५ महाकाय याने नष्ट झाली, आणि हानीचे मोल तीन लाख डॉलरच्या घरात धरले गेले. या महायुद्धाचे निमित्त काय, तर त्या मंडलावरील ताब्यासाठी भरावयाची रक्कम वेळेवर भरली गेली नाही! यादवीची बीजे हिशेबाच्या वहीत सापडावीत, हे या कृतीच्या स्वभावाला धरूनच झाले.

आता दोषांकडे वळावयास हवे. २०१६ च्या फेब्रुवारीपासून खेळात कौशल्यांचा साठा एकाकडून दुसऱ्याकडे विकत जाऊ लागला. नवख्याला त्यामुळे सोय झाली, हे खरे. परंतु ज्या काळाच्या अटळ गतीमुळे रीतीची निवड गंभीर झाली होती, ती गती पैशाने ओलांडता येऊ लागली. अभ्यासावाचून व्युत्पत्ती विकत मिळावी, तसा हा प्रकार आहे. दैनंदिन कामांच्या याद्या आणि त्यांची लहान-लहान बक्षिसे यांनी याहून अधिक नुकसान केले आहे, असे आमचे मत आहे. यादी हा तयार डाव. तिने नवखा टिकतो, पण स्वतःचा डाव मांडावयास तो शिकत नाही, आणि मोठ्या संघांत तर हजेरी, वर्गणी आणि हुकूम यांमुळे सायंकाळचा खेळ दिवसाच्या नोकरीसारखाच होऊन बसतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट डिस्कव्हरी’ने खेळाडूंकडून मानवी प्रथिनांच्या प्रतिमांचे वर्गीकरण करून घेतले, २०१७ पासून परग्रहांच्या शोधासाठी ताऱ्यांच्या प्रकाशाच्या नोंदी तपासून घेतल्या. उपक्रम स्तुत्य आहे. मम्मटाला त्यात अशिवाचे निवारणही दिसले असते. मात्र तेथेही प्रयोजन बाहेरून आले आहे.

या कृतीचे उत्कृष्ट अंग आम्हाला अन्यत्र दिसते. ‘सिग्नल कार्टेल’ या नावाची खेळाडूंची एक मंडळी कृष्णविवरसदृश मार्गांत वाट चुकलेल्या अनोळखी प्रवाशांना बाहेर काढण्याचे काम करते, आणि आपण होऊन कोणावर हल्ला करीत नाही. ‘एलिट डेंजरस’मध्ये ‘फ्युएल रॅट्स’ ही मंडळी इंधन संपून अडकलेल्यांना इंधन पोचविते. दोन्ही खेळांच्या नियमांत या कामाला फारसा मोबदला नाही. मम्मटाच्या यादीतील यश आणि अर्थ येथे जवळजवळ गैरहजर आहेत. व्यवहारज्ञान भरपूर आहे. वाटमाऱ्याने निर्माण केलेल्या भीतीवाचून या तारकांची रीती जन्मालाच आली नसती, ही गोष्टही नोंदवली पाहिजे. निर्धोक विश्वात त्यांना कोणीही हाक मारली नसती.

या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे साधनांची अडचण उभी राहील. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये ‘ईव्ह ऑनलाइन’चा आपल्या संग्रहात समावेश केला, परंतु चालू विश्व दालनात मांडता येईना, म्हणून खेळाडूंनी टिपलेल्या दृश्यांची एक चित्रफीत तेथे दाखविण्यात आली. नष्ट झालेल्या यानांच्या याद्या तपशीलवार उपलब्ध आहेत, आणि बाजारभावांचीही आकडेवारी मिळते. लढणाऱ्याची आणि अडत्याची रीती त्यामुळे अभ्यासता येईल. हिंडणाऱ्यांच्या दैनंदिन्या विखुरलेल्या आहेत, आणि वाट चुकून परत आलेल्या प्रवाशांचा हिशेब त्यांना सोडविणाऱ्या मंडळीच्या स्वतःच्या वहीतच पाहावा लागेल.