ठिपके, डोळे आणि शेव्हरलचा नियम

फ्रान्समधील बिंदुवादी चित्रांना ‘विज्ञानाच्या आधारे काढलेली चित्रे’ असे सर्रास म्हटले जाते. चित्रकार पॉल सीन्याक याने १८९९ साली एका पुस्तकात या पद्धतीची जोरदार बाजू मांडली. रंग पॅलेटवर कालवू नयेत. शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी द्यावेत, म्हणजे ते डोळ्यात मिसळून चित्र तेजस्वी दिसते, असे त्याचे म्हणणे. हा दावा तपासून पाहण्यासारखा आहे.

त्याचे एक मूळ रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याच्या कामात सापडते. १८२४ मध्ये तो पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तेथील काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार होती. तपासणीत रंगात दोष आढळला नाही. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारामुळे काळा फिका भासत होता. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या पूरक रंगाची छटा चढवतो, हा नियम शेव्हरलने १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. लाल कागदावर करड्या कागदाचा लहान चौकोन ठेवा. तो किंचित हिरवट दिसेल. वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत होतो.

परंतु हा रंगविरोध जाणवण्यासाठी दोन्ही रंग वेगवेगळे दिसावे लागतात. ठिपके डोळ्यात मिसळले, की विरोध संपतो आणि उरते ती सरासरी. पूरक रंगांची सरासरी करडी असते. पॅलेटवर कालवलेल्या रंगापेक्षा ती उजळ असू शकते, पण सर्वांत उजळ ठिपक्याहून उजळ कधीच नसते. पूरक रंगांचे धागे एकत्र मिसळले तर करडेपणा येतो, हे शेव्हरलने स्वतःच नोंदवले होते. म्हणजे विरोध आणि मिश्रण या दोन्हींचा पुरेपूर लाभ एकाच अंतरावरून मिळू शकत नाही.

मग झॉर्झ सराचे ‘ग्रांद जात’ (१८८४–८६) हे चित्र फसले काय? मुळीच नाही. सुमारे दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद अशा या चित्रातील ठिपके नेहमीच्या अंतरावरून पुरते मिसळत नाहीत. म्हणूनच त्याचा पृष्ठभाग थरथरल्यासारखा भासतो. हा परिणाम नियमातून आयता मिळालेला नव्हता; अनेक रेखाटने आणि रंगीत कच्ची चित्रे करीत सराने तो शोधला. रंगद्रव्याने मात्र त्याला दगा दिला. चित्रातला जस्तयुक्त पिवळा रंग काही वर्षांतच तपकिरी पडू लागला.

‘सराने शेव्हरलचा नियम वापरला’ एवढेच विद्यार्थ्यांना सांगितले, तर विज्ञान आज्ञा देणारे आणि कला ती पाळणारी ठरते. शेव्हरल धाग्यांकडे आणि सरा कॅनव्हासकडे किती बारकाईने पाहत होता, हे त्यांना कळायला हवे.