हलका जोड

भोसरीपासून चाकणपर्यंत जत्रेच्या आखाड्याभोवती एक तक्रार हमखास ऐकू येते: "नावाजलेल्या पैलवानाला हलका जोड दिला!" आम्हाला ती अर्धवट वाटते. १९६१पासूनच्या महाराष्ट्र केसरीत जोड चिठ्ठीवर ठरतो. शेवटी माती आणि गादीचे विजेते भिडतात. जत्रेत मात्र जोड लावते यात्रा कमिटी. मग पैलवानावर राग कशाला? आणि नुरा कुस्ती ही फसवणूक. हलकी कुस्ती उघड असते, फक्त लवकर संपते. अमेरिकेत बडी विद्यापीठं फुटबॉलला दुबळे संघ पैसे मोजून बोलावतात. शौकीन तिथंही भांडतातच, पण हरणाऱ्याला ठरलेली रक्कम मिळते. आपल्याकडे निकाली कुस्तीचं इनाम बहुतेकदा जिंकणाऱ्याचं. त्या हलक्या पोराची मान, त्याचा खुबा कोण मोजतं?