हसू आणि धीर : ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाचे काम

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की सर्वसामान्य वाचकाच्या मनात दोन गोष्टी येतात. एक, मिशनच्या छापखान्यांतून निघालेल्या बोधपर पुस्तिका. आणि दुसरी, रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भक्तिपर कविता. हसण्याला या दोहोंतही फारशी जागा नाही. असे असताना, मराठीतील एका ख्रिस्ती लेखिकेचे जे पुस्तक ख्रिस्ती नसलेल्या घरांतही आवडीने वाचले गेले, ते वाचताना वाचक पानोपानी हसतो. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि शेवटचा भाग बाहेर आला तो १९३६ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर.

या पुस्तकातील विनोदाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मात्र त्या कौतुकात ‘निरागस’, ‘भाबडा’, ‘सहज’ ही विशेषणे पुन्हा पुन्हा येतात. शाळेचे तोंड न पाहिलेली, नवऱ्याने जमेल तसे लिहा-वाचायला शिकवलेली बाई. तिच्या तोंडून विनोद आपोआप सांडला, असा काहीसा या विशेषणांचा सूर असतो. हा सूर मला अपुरा वाटतो. लक्ष्मीबाईंचा विनोद स्वाभाविक आहे हे खरेच, पण तो नुसता स्वभाव नाही. एरवी धर्मपर पुस्तकात जे काम उपदेश करतो, ते काम या पुस्तकात विनोद करतो. तो वाचकाला रोजचे जगणे निभावण्याचा धीर देतो. हे काम तो कसे करतो आणि कोठे करू शकत नाही, हे येथे पाहायचे आहे.

त्यासाठी आधीच्या परंपरेकडे एक दृष्टिक्षेप टाकायला हवा. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र १८८४ चे. धर्मांतराच्या आत्मकथनाचा मराठीतील नमुना म्हणून ते महत्त्वाचे आहे. त्याच्या नावातच त्याची मांडणी आहे : आधी रात्र, मग उजाडणे. लेखक उजेडात उभा राहून मागच्या अंधाराकडे पाहतो. शंका, शोध, वाद, खात्री आणि स्वीकार अशा क्रमाने अशी कथा पुढे जाते. या मांडणीत विनोदाला फारसा वाव राहत नाही, कारण सोडून आलेल्या घराला हसणे म्हणजे त्या घराची टर उडवणे ठरेल आणि स्वीकारलेल्या घराला हसणे म्हणजे अश्रद्धा ठरेल.

लक्ष्मीबाईंची वाट मुळातच निराळी. त्या शोध घेत ख्रिस्ताकडे गेल्या नाहीत. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधाराने काढली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या तरी आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी वेगळेच ठेवले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. म्हणजे नवा धर्म त्यांच्याकडे आला तो आधी संकट म्हणून आला. त्यामुळे त्यांच्या कथेत रात्र आणि पहाट अशी सरळ रेघ नाही. दोन्ही घरे त्यांची आहेत आणि दोन्ही घरांना त्या सारख्याच हसतात.

पहिले उदाहरण सोवळ्याचेच घेऊ. पुस्तकाच्या आरंभी त्यांच्या वडिलांचे चित्र येते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर या गृहस्थांना सोवळ्याने असे घेरले की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही, असा दंडक झाला. धुण्याच्या या तडाख्यातून मीठसुद्धा सुटत नसे. धर्मप्रचारकाच्या हाती हा प्रसंग पडता तर रूढीच्या मूर्खपणाचा नामी पुरावा झाला असता. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. ओल्या मिठाला आपण हसतो, पण त्या हसण्याच्या मागे एक भेदरलेला माणूस दिसत राहतो. वडिलांच्या सोवळ्याचे मूळ भीतीत आहे, हे लेखिकेला कळले आहे आणि ते ती वाचकाच्या गळी उतरवीत नाही. नुसते दाखवते.

आता याला जोडून स्वतः लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याचा भाग वाचावा. नवरा ख्रिस्ती, घर ख्रिस्ती वस्तीत, आणि बाई आपले पाणी जपते आहे. येथे विनोदाचे टोक त्या स्वतःकडे वळवतात. आपले नियम, त्यांतल्या पळवाटा आणि मनाची घातलेली समजूत यांचा हिशेब त्या जराही लाज न बाळगता मांडतात. शेवटी त्यांच्या मनात साधा प्रश्न उभा राहतो : हे भेद देवाने केले की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्या सोवळे सोडतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की बाप्तिस्म्याआधीच त्यांनी जातिभेद मनातून काढून टाकला. कोणाच्या प्रवचनाने हे घडले नाही. घरातल्या घरात, तांब्याभांड्यांच्या संगतीत घडले. ज्याने आपल्या भीतीला एकदा हसून पाहिले त्याला ती भीती पुढे बांधून ठेवू शकत नाही, हे या प्रकरणातून जितके पटते तितके कोणत्याही बोधवचनातून पटले नसते.

दुसरे उदाहरण खुद्द टिळकांचे. ‘स्मृतिचित्रे’तील टिळक हे मराठी गद्यातील अविस्मरणीय पात्र आहे. शीघ्रकोपी, शीघ्रकवी, न सांगता घरातून निघून जाणारे, हातचा पैसा दिसेल त्या गरजवंताला देऊन मोकळे होणारे, आणि मग घरात काय शिजणार या प्रश्नाचे नवल वाटणारे. येथे टीकाकाराने थांबून एक गोष्ट पाहावी. बाप्तिस्म्यानंतरचे टिळक स्वभावाने बाप्तिस्म्याआधीचेच टिळक आहेत. संताप तोच, विसराळूपणा तोच, औदार्यही तेच. धर्मांतराच्या रूढ कथेत माणूस आरपार बदललेला दाखवावा लागतो, नाहीतर कथेचे प्रयोजनच उरत नाही. लक्ष्मीबाईंनी हा आग्रह धरला नाही. त्यामुळे श्रद्धेला कमीपणा येत नाही, उलट ती खरी वाटू लागते. रागीट माणूस रागीट राहूनही परक्यांची पोरे घरात आणतो आणि त्याची बायको कुरकुरत का होईना त्यांना वाढवते. एवढे पाहिल्यावर वाचकाला वाटते, हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे. धीर म्हणतात तो हाच. संतचरित्राने आदर वाढतो, पण संत दूर राहतो.

येथे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकाशी तुलना सुचते. तेही थोर नवऱ्याच्या पत्नीने लिहिलेले, तेही मनापासून लिहिलेले. परंतु तेथे न्यायमूर्ती बव्हंशी उंचावर आहेत आणि लेखिका खालून पाहते. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या बरोबरीने उभ्या राहतात. ही बरोबरी त्यांना शिक्षणाने मिळाली नव्हती, हक्काच्या भाषणाने तर नाहीच. ती विनोदाने मिळवलेली आहे. ज्याच्यावर प्रेमाने हसता येते त्याच्यापुढे सतत वाकून राहता येत नाही.

हे हसणे परके नाही, हेही सांगायला हवे. एकनाथांच्या भारुडांपासून मराठी भक्तीने हसत हसत शहाणपण सांगितले आहे. टिळकांचा ख्रिस्ताकडे जाण्याचा रस्ता तुकोबांच्या अभंगांवरून गेला, हे तर सर्वश्रुतच आहे. त्यांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि कीर्तन दिले. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती गद्याला माजघरातली बोली दिली. मिशनच्या भाषांतरित मराठीशेजारी ही बोली ठेवून पाहिली म्हणजे त्यांचे काम किती मोठे होते ते कळते.

मात्र या विनोदाच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत, नाहीतर आपणही कौतुकाच्या जुन्या रांगेत जाऊन बसू. पहिली मर्यादा जातीची. सोवळ्याला हसणे हे सोवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या बाईला शक्य होते. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला त्यांना या प्रकारात हसण्यासारखे काय दिसेल? लक्ष्मीबाईंनी आपला अपराध कबूल केला, तो सोडला, आणि सोडताना हसवलेही. पण ते हसू एका बाजूचे आहे.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. टिळकांनी बायकोला मागे टाकून जो निर्णय घेतला त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी वर्षानुवर्षे मोजली. विनोदाच्या ओघात वाचक टिळकांना फार लवकर माफ करून टाकतो. हे लेखिकेला हवे होते की आपल्या सोयीचे आहे? माझे उत्तर असे की पुस्तक नीट वाचणाऱ्याला ही सोय मिळत नाही. धर्मांतराची बातमी आणि त्यानंतरच्या ताटातुटीची पाने पाहावीत. तेथे विनोद विरळ होतो, दुःख उघडे राहते, त्यावर पांघरूण पडत नाही. सगळीकडे हसणाऱ्या लेखिकेने जेथे हसायचे थांबवले ती जागा वाचकाने ओळखायची आहे. टिळकांना क्षमा झाली ती या पानांनंतर आणि या पानांसकट. म्हणूनच या विनोदाला भाबडा म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे पूर्णत्वास नेले. श्रद्धेचे गंभीर काम त्यांनी तेथे ओवीबद्ध करून ठेवले आहे. पण आज किती घरांत ‘ख्रिस्तायन’ उघडले जाते आणि किती घरांत ‘स्मृतिचित्रे’, याचा विचार करावा. देवाचे चरित्र त्यांनी कर्तव्य म्हणून पुरे केले. माणसांचे चरित्र लिहिताना त्या हसल्या, रडल्या आणि हिशेब चुकता करायला विसरल्या नाहीत. ज्या वाचकाने बायबल कधी हातात धरले नाही, तोही अडचणीच्या दिवशी हे पुस्तक काढून बसतो, दोन पाने वाचतो, हसतो आणि उठून आपल्या कामाला लागतो.