भागवंतीचे प्रेक्षक : मालिकेतील पात्र आणि प्रेक्षकमताचे स्वरूप

दूरचित्रवाणी मालिकेतील कथानक आणि पात्रे यांविषयी प्रेक्षक जी मते व्यक्त करतो, त्यांचा विचार समीक्षेने सामान्यतः दोन प्रकारे केला आहे. पात्राला हाडामांसाची व्यक्ती मानणाऱ्या प्रेक्षकाला कला आणि जीवन यांतील अंतर उमगलेले नसते, म्हणून त्याचे मत समीक्षेच्या कक्षेबाहेरचे ठरते, ही एक भूमिका. निर्मात्याला अनभिप्रेत असलेला अर्थ काढणारा प्रेक्षक प्रस्थापित संहितेला प्रतिकार करीत असतो, ही दुसरी. दोन्ही भूमिकांत मताकडे केवळ लक्षण म्हणून पाहिले जाते. त्या मतात संहितेविषयी काही विधान असते आणि ते विधान योग्य किंवा अयोग्य ठरू शकते, ही शक्यता दोहोंतही लक्षात घेतली जात नाही. 'हम लोग' या मालिकेच्या संदर्भात ती तपासून पाहण्याजोगी आहे.

मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ही हिंदी मालिका दूरदर्शनवर जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ या काळात प्रक्षेपित झाली. मनोरंजनातून समाजशिक्षण साधणाऱ्या मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या मालिकांचा आदर्श तिच्यामागे होता. कुटुंबनियोजनाचा उघड उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून आरंभीच्या भागांनंतर तो सौम्य करण्यात आला. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार घटनांवर भाष्य करीत. मालिकेच्या काळात सुमारे चार लाख पत्रे आल्याचे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी नोंदविले आहे. बडकीने विवाहाविषयीची द्विधा मनःस्थिती सोडावी, असे तिलाच उद्देशून सांगणारी पत्रेही त्यांत होती.

अशा पत्रांना भाबडी म्हणणे सोपे आहे. तथापि पूर्ण झालेली कादंबरी आणि चालू मालिका यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. संहितेतील रिक्त जागा वाचक भरतो, या सिद्धान्ताची मांडणी करताना वोल्फगांग इझर यांनी क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीतील खंडांचाही विचार केला आहे. मालिकेत ही रिक्त जागा कालिक असते. दोन भागांमधल्या दिवसांत पुढील घटना खरोखरच अनिश्चित असते. बडकीला दिलेला सल्ला व्याकरणदृष्ट्या व्यक्तीला उद्देशून असला, तरी त्याचा विषय कथानकाची संभाव्यता हा आहे. 'या स्वभावाच्या मुलीने आता असे वागावे' हे विधान स्वभाव आणि घटना यांतील संगतीविषयीचे विधान आहे, आणि ही संगती तर ॲरिस्टॉटलपासून नाट्यविचाराचा विषय राहिली आहे.

बडकीहून अधिक बोधक उदाहरण तिच्या आईचे आहे. मद्यपी बसेसरराम याची पत्नी भागवंती ही सोशिक, आज्ञाधारक गृहिणी म्हणून रेखाटली होती. स्त्रियांनी असे राहू नये, हे तिच्या हालअपेष्टांतून पटावे अशी योजना होती. पुढे झालेल्या अभ्यासांत मात्र असे आढळले की, अनेक प्रेक्षकांनी, त्यांत स्त्रियांनीही, तिलाच अनुकरणीय मानले. संज्ञापनाच्या अभ्यासकांनी याची नोंद उद्दिष्टाविपरीत परिणाम म्हणून केली. प्रतिकाराची परिभाषाही येथे उपयोगी पडत नाही, कारण या प्रेक्षकांनी परंपरेचीच बाजू घेतली होती.

परंतु संहितेच्या दृष्टीने पाहता या प्रेक्षकांचे वाचन चुकीचे म्हणता येत नाही. कौटुंबिक मेलोड्रामाच्या संकेतव्यूहात सोसणे हेच पात्राच्या नैतिक मोलाचे चिन्ह असते. जी अधिक सोसते, ती अधिक थोर ठरते. निर्मात्यांनी हा आकृतिबंध स्वीकारला आणि त्यातून उलट निष्कर्ष निघावा अशी अपेक्षा केली. प्रेक्षकांनी आकृतिबंध अचूक वाचला. विसंगती होती ती आशय आणि आकृतिबंध यांत. हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीशी तुलना केल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. 'करमणूक'मधून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत यमू स्वतःच निवेदन करते. त्यामुळे तिचे सोसणे तिच्याच वाणीतून प्रश्नरूप धारण करते. भागवंतीचे सोसणे मुख्यतः बाहेरून दाखविले जाते, आणि त्याच्यावर भाष्य करण्याचा अधिकार भागाच्या शेवटी येणाऱ्या वडीलधाऱ्या पुरुषाकडे जातो. प्रश्न विचारू न शकणारे सोसणे पूज्य ठरावे, यात नवल नाही.

या प्रकारच्या मताला भारतीय नाट्यविचारात जागा नाही असे नाही. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात पात्राच्या हर्षशोकाशी समरस होणे हे प्रेक्षकाचे लक्षण सांगितले आहे. तेथेच प्रयोगाचा निवाडा करणाऱ्या प्राश्निकांची गणना आहे. तीत यज्ञवेत्ता, वैयाकरण आणि राजा यांच्याबरोबर वेश्येलाही स्थान आहे. ज्याला ज्या क्षेत्राचा अनुभव, त्याचा त्या क्षेत्रात अधिकार. या न्यायाने, मद्यपी पतीचा संसार ओढलेली स्त्री भागवंतीविषयी बोलते तेव्हा ती प्राश्निक असते. तिचे तादात्म्य आणि तिचा निवाडा यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

अर्थात अधिकार असणे म्हणजे निर्णय ग्राह्य असणे नव्हे. प्राश्निकाचे मतही तपासावे लागते. भागवंतीला आदर्श मानणे संहितेशी सुसंगत आहे; ते इष्ट आहे की नाही, हा स्वतंत्र प्रश्न उरतोच. शिवाय पत्र लिहू शकणारा प्रेक्षक हा प्रेक्षकवर्गाचा एक भागच असतो. इयेन आंग यांचा 'डॅलस' या अमेरिकन मालिकेवरील अभ्यास एका डच नियतकालिकातील जाहिरातीला आलेल्या अवघ्या ४२ पत्रांवर उभा आहे. त्याची महत्ता संख्येत नाही. पत्रलेखकांनी दिलेली कारणे वाचण्यात आहे. तेलसम्राटांचे घर आपल्यासारखे नाही हे जाणूनही त्यांतील काहींना त्यातली भावना खरी वाटत होती.

पुढील काळात प्रेक्षकसंख्येचे मापन हे मालिकांचे नियामक बनले आणि प्रेक्षकाचे मत आकड्यात रूपांतरित झाले. आकडा पसंती नोंदवितो, परंतु पसंतीचे कारण सांगत नाही. समीक्षेला ज्याच्याशी वाद घालता येतो, ते कारणच असते. भागवंतीविषयीच्या मतांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांतून प्रेक्षकाच्या अज्ञानापेक्षा सुधारणावादी संहितेच्या आकृतिबंधातील उणिवेवर अधिक प्रकाश पडतो.