निवडणूक अभिलेख आणि त्यांचे शुल्क : एक चिकित्सा
(छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

लोकशाहीत मतदानाचा हक्क विनामूल्य असतो. मतदाराकडून मतपेटीपाशी एक पैसाही घेतला जात नाही. परंतु त्या मतदानाची जी कागदपत्रे शासनाच्या दप्तरी जमा होतात, ती पाहण्यासाठी, त्यांची नक्कल मिळवण्यासाठी किंवा त्यांतील चूक सिद्ध करण्यासाठी नागरिकाला अनेक ठिकाणी शुल्क भरावे लागते. हे शुल्क कोणी ठरवावे, किती असावे आणि कोणाकडून घ्यावे, या प्रश्नांकडे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. शुल्काचा आकडा लहान असल्यामुळे प्रश्नही लहान आहे, असा समज त्यामागे असावा. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली असून, त्यासाठी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्याचा संदर्भ घेतला आहे.

या जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत. अलीकडच्या काही निवडणुकांत येथील निकाल अत्यंत अल्प मतांनी लागले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत औरंगाबाद मतदारसंघात विजयी उमेदवाराचे मताधिक्य ४,४९२ होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत औरंगाबाद पूर्व मतदारसंघात ते केवळ २,१६१ होते. जेथे निकाल इतका निसटता असतो, तेथे मतदार यादी, उमेदवाराचा खर्चाचा हिशोब आणि मतदान केंद्रावरील नोंदी यांना पुराव्याचे मोल येते. म्हणून त्या कोणत्या किमतीला मिळतात, हा प्रश्न केवळ कारकुनी राहत नाही.

शुल्काचा कायदेशीर आधार

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणताही कर आकारता येत नाही. कर आणि शुल्क यांतील भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात स्पष्ट केला. कर हा सामान्य भार असतो, तर शुल्क हे विशिष्ट सेवेचा मोबदला असते. पुढे १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स खटल्यात हा निकष सैल झाला. सेवेचा खर्च आणि शुल्काची रक्कम यांचा तंतोतंत मेळ आवश्यक नाही, दोहोंत वाजवी संबंध असला म्हणजे पुरे, असे मानले गेले. तरीही मूळ तत्त्व कायम राहिले. शासनाने सेवा दिल्याशिवाय शुल्क घेऊ नये आणि शुल्काचे रूपांतर महसुलाच्या साधनात करू नये, हे ते तत्त्व होय.

निवडणूक अभिलेखांबाबत शुल्क ठरवण्याचा अधिकार एकाच हाती नाही. मतदार नोंदणी नियम, १९६० मधील नियम ३३ नुसार यादीशी संबंधित कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींचे शुल्क मुख्य निवडणूक अधिकारी ठरवतात. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ९३ नुसार खुल्या कागदपत्रांच्या पाहणीच्या अटी व शुल्क भारत निवडणूक आयोग ठरवतो. महानगरपालिका, जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती यांच्या निवडणुकांचे नियंत्रण अनुच्छेद २४३-के व २४३-झेडए नुसार राज्य निवडणूक आयोगाकडे आहे. प्रत्यक्ष काम मात्र महसूल विभागाचे व महानगरपालिकेचे अधिकारी करतात. सार्वजनिक दस्तऐवजाची प्रमाणित प्रत मिळण्याचा सर्वसाधारण हक्क पूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ७६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७५ मध्ये आहे. याखेरीज माहिती अधिकार अधिनियम, २००५ चा स्वतंत्र मार्ग आहे. त्याखाली महाराष्ट्रात अर्जासाठी १० रुपये व प्रतीसाठी प्रतिपान २ रुपये असा दर ठरवण्यात आला.

एकाच कागदासाठी अनेक दारे असणे ही वरवर सोय वाटते. व्यवहारात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठवण्याचे ते निमित्त ठरू शकते. गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमांसंबंधीच्या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, न्यायालयीन कागदपत्रांच्या प्रती देण्याची स्वतंत्र व्यवस्था नियमांत असेल तर माहिती अधिकाराचा मार्ग घेता येणार नाही. तो निकाल न्यायालयांपुरता आहे. त्यातील तर्क इतर कार्यालयांनी उचलला, तर माहिती अधिकारातील संरक्षक तरतुदी निरुपयोगी होतील. त्या अधिनियमाच्या कलम ७ मध्ये शुल्क वाजवी असावे, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीकडून ते घेऊ नये आणि मुदतीत माहिती न दिल्यास ती विनामूल्य द्यावी, अशा तरतुदी आहेत.

एक रुपया, दोन रुपये आणि ४७,२०० रुपये

१९६१ च्या नियमांतील काही रकमा उद्बोधक आहेत. नियम ८८ नुसार कोणतीही व्यक्ती एक रुपया शुल्क भरून उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचा हिशोब पाहू शकते. त्यासाठी ती व्यक्ती त्या मतदारसंघातील मतदार असण्याचीही अट नाही. नियम ३६ नुसार मतदान प्रतिनिधीला एखाद्या मतदाराच्या ओळखीस आक्षेप घ्यावयाचा असल्यास दोन रुपये अनामत ठेवावी लागते. आक्षेप खोडसाळ ठरल्यास ती सरकारजमा होते, अन्यथा परत मिळते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ११७ नुसार निवडणूक याचिकेसोबत दोन हजार रुपयांची खर्चापोटी हमी रक्कम भरावी लागते. मराठवाड्यातील उमेदवार ही याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाखल करतो.

या रकमांमागे एक निश्चित दृष्टी दिसते. हिशोब पाहण्याचा एक रुपया हा खर्च वसुलीसाठी नव्हता. अर्ज गांभीर्याने केला आहे, एवढेच त्यातून सूचित होई. आक्षेपाची अनामत ही किंमत नव्हती, सद्भावनेची कसोटी होती. नियमकर्त्यांनी नागरिकाकडे ग्राहक म्हणून पाहिले नाही. निवडणुकीच्या शुद्धतेचा तोही एक राखणदार आहे, असे त्यांनी गृहीत धरले.

याउलट जून २०२४ मध्ये मतदान यंत्रांच्या पडताळणीसाठी ठरवलेला आकडा पाहावा. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्क्यांपर्यंत यंत्रांची पडताळणी मागण्याची मुभा दिली. अर्जासाठी निकालानंतर सात दिवसांची मुदत ठेवली. आयोगाने प्रत्येक यंत्रसंचासाठी ४०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ४७,२०० रुपये, असा दर ठरवला. यंत्रात फेरफार आढळल्यास रक्कम परत देण्याची तरतूद होती. एखाद्या मतदारसंघात ३०० मतदान केंद्रे आहेत असे उदाहरणादाखल धरले, तर पाच टक्के म्हणजे १५ संच होतात आणि त्या दराने खर्च ७,०८,००० रुपये होत असे. विधानसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराची अनामत १०,००० रुपये आहे. म्हणजे निवडणूक लढवण्यासाठी जी रक्कम पुरते, तिच्या सत्तर पट रक्कम तेव्हा निकालाची शंका फेडण्यासाठी लागत होती. २०२५ मधील सुनावणीत खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच हा खर्च कमी व्हावा अशी अपेक्षा व्यक्त केली. शुल्क वाजवी नसेल तर न्यायालयाने दिलेला उपायही कागदावरच राहतो, हे यावरून दिसते.

अर्थात दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत, असा आक्षेप घेतला जाईल. कागद दाखवण्यास कारकून पुरतो, यंत्र तपासण्यास अभियंते लागतात. हा आक्षेप निराधार नाही. परंतु १९६१ च्या नियमांत सद्भावनेच्या आक्षेपकाला अनामत परत मिळत असे. आक्षेप खरा ठरलाच पाहिजे, अशी अट त्यास नव्हती. नव्या व्यवस्थेत प्रामाणिकपणे शंका घेणाऱ्याची, परंतु दोष न सापडलेल्याची, सर्व रक्कम जाते. संदेहनिवारण ही केवळ अर्जदाराला मिळालेली सेवा नव्हे. यंत्र निर्दोष ठरल्यास त्याचा लाभ समग्र व्यवस्थेला होतो. मग त्याचा सर्व भार एकट्या अर्जदारावर का असावा, याचे उत्तर शुल्काच्या सिद्धान्तात मिळत नाही.

सवलत कोणाला?

शुल्काची दुसरी बाजू सवलतीची आहे. मतदार नोंदणी नियमांनुसार, राज्यात ज्या पक्षांसाठी चिन्ह राखीव आहे अशा मान्यताप्राप्त पक्षांना मतदार यादीच्या प्रत्येक भागाच्या दोन प्रती विनामूल्य दिल्या जातात. अपक्ष उमेदवार, नोंदणीकृत परंतु मान्यता नसलेला पक्ष, एखादी नागरी संघटना किंवा अभ्यासक यांना ही सवलत नाही. ज्यांच्यापाशी निधी व कार्यकर्ते आहेत त्यांना यादी फुकट, आणि ज्याच्यापाशी दोन्ही नाही त्याला ती विकत, अशी ही उफराटी रचना आहे. माहिती अधिकार कायद्यात दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला जशी सूट आहे, तशी सूट नियम ८८ मध्ये नाही.

यादी आता संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहे, हे खरे. परंतु ती प्रतिमेच्या स्वरूपात असते. तिच्यात नावांचा संगणकीय शोध घेता येत नाही. शोधयोग्य स्वरूपात यादी देण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात मान्य केली नाही. त्यामुळे दुबार नावे शोधू पाहणाऱ्याला पान न पान डोळ्यांखालून घालावे लागते. पैशांचे शुल्क गेले तरी श्रमाचे शुल्क उरले, असे म्हणता येईल. याउलट १४ ऑगस्ट २०२५ रोजी बिहारमधील विशेष सखोल पुनरीक्षणासंबंधी दिलेल्या आदेशात त्याच न्यायालयाने वगळलेल्या सुमारे ६५ लाख नावांची यादी कारणांसह व शोधयोग्य रूपात प्रसिद्ध करण्यास सांगितले. म्हणजे प्रश्न तांत्रिक अशक्यतेचा नाही, इच्छाशक्तीचा आहे.

अदृश्य शुल्क : अंतर आणि काळ

पावतीवर लिहिलेली रक्कम हा शुल्काचा एक भाग झाला. उमेदवाराचा खर्चाचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, दाखल होतो. सोयगाव किंवा वैजापूर तालुक्यातील शेतमजुराला ४० लाख रुपये खर्चमर्यादेच्या निवडणुकीचा हिशोब एक रुपयात पाहता येतो, असे नियम सांगतो. परंतु त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागते. एसटीचे भाडे द्यावे लागते आणि दिवसाचा रोज बुडतो. संबंधित लिपिक रजेवर असल्यास हा खर्च दुप्पट होतो. एक रुपयाचे शुल्क अशा रीतीने काही शे रुपयांचे होते आणि त्याची पावती कोठेही फाटत नाही.

काळाचेही तसेच आहे. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवसांची आहे. माहिती अधिकाराखाली उत्तरासाठी ३० दिवस आणि पहिल्या अपिलासाठी आणखी ३० ते ४५ दिवस लागू शकतात. पहिले उत्तर नकारार्थी आले, तर अपिलाचा निर्णय येईपर्यंत याचिकेची मुदत टळलेली असते. मे २०२५ मध्ये आयोगाने मतदान केंद्रांवरील चित्रीकरण जतन करण्याची मुदतही, याचिका दाखल नसल्यास, ४५ दिवसांवर आणली. विलंबाने दिलेला अभिलेख कितीही स्वस्त असला तरी तो अखेर महागच पडतो.

त्याहून मूलभूत गोष्ट म्हणजे हक्क असेल तरच शुल्काचा प्रश्न उद्भवतो. डिसेंबर २०२४ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने एका अर्जदाराला हरियाणातील निवडणुकीचे चित्रीकरण व अन्य कागदपत्रे देण्याचा आदेश दिला. त्यानंतर काही दिवसांतच, २० डिसेंबर २०२४ रोजी, नियम ९३ मध्ये दुरुस्ती झाली. ‘इतर सर्व कागदपत्रे’ या व्यापक शब्दांच्या जागी ‘या नियमांत विनिर्दिष्ट केलेली’ कागदपत्रे असा संकोच करण्यात आला. जेथे दारच बंद होते, तेथे प्रवेशमूल्य भरण्याची तयारी व्यर्थ ठरते.

प्रतिनिधींविना ठरलेले दर

स्थानिक संस्थेच्या संदर्भात आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या येथील महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढील निवडणुकीचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधली पावणेसहा वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. या काळात नागरी सेवांचे दर ठरवताना त्यांवर प्रश्न विचारणारा एकही निर्वाचित सदस्य नव्हता. शुल्काच्या वैधतेचा एक आधार लोकप्रतिनिधींची संमती हा असतो. निवडणूक लांबते तेव्हा तो आधारही निसटतो. निवडणूक अभिलेखांचे दर ठरवणाऱ्या यंत्रणा तर निर्वाचित सभागृहाला कधीच उत्तरदायी नसतात. त्यांची स्वायत्तता आवश्यक आहे. परंतु दराची कारणमीमांसा जाहीर केल्याने स्वायत्ततेला बाध येत नाही.

प्रशासनाची बाजू

प्रशासनाची अडचणही समजून घेतली पाहिजे. निवडणूक शाखेत मनुष्यबळ मर्यादित असते. काही अर्जदार हजारो पानांची मागणी करतात आणि नंतर प्रती न्यावयास येत नाहीत. सर्व काही विनामूल्य केल्यास खरा गरजू रांगेत मागे पडेल, ही भीती अनाठायी नाही. तथापि या अडचणीवर उपाय म्हणून शुल्कवाढ हे बोथट हत्यार आहे. तिच्यामुळे सधन उपद्रवी माणूस थांबत नाही. थांबतो तो निर्धन जिज्ञासू. अभिलेख स्वतःहून प्रकाशित करणे, हाच कार्यालयाचा भार हलका करण्याचा खात्रीचा मार्ग आहे. २००२ च्या न्यायनिर्णयानंतर उमेदवारांची शपथपत्रे जाहीर होऊ लागली आणि पुढे ती संकेतस्थळावर आली. त्यांच्या प्रतींसाठी आज कोणालाही रांग लावावी लागत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पाहणी आणि प्रत यांत भेद करून पाहणी पूर्णतः विनामूल्य असावी. प्रतीचे शुल्क प्रत काढण्याच्या प्रत्यक्ष खर्चाइतकेच असावे. पडताळणीसाठी घेतली जाणारी रक्कम अनामत स्वरूपाची असावी आणि मागणी सद्भावनेची असल्यास ती परत मिळावी. मान्यताप्राप्त पक्षांना मिळणारी यादीची सवलत अपक्षांनाही मिळावी. खर्चाचे हिशोब तहसील कार्यालयातही पाहावयास मिळावेत. सर्व दर, ते ठरवणारा अधिकारी आणि मुदत यांचा फलक मराठीत व उर्दूत कार्यालयाच्या दर्शनी भागी असावा.

१९६१ मधील एक रुपया आज नगण्य झाला आहे. म्हणून तो वाढवावा, असे कोणी सुचवील. वस्तुतः तो नगण्य असणे हेच त्याचे प्रयोजन होते. नागरिकाने हिशोब विचारावा आणि शासनाने तो दाखवावा, या व्यवहारात पैसा आड येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ होता. शुल्काचे नवे दर ठरवणाऱ्यांनी आकड्यापेक्षा हा अर्थ जपणे अधिक अगत्याचे आहे.