हमार्तिया : दोष की चूक?

ईडिपसवरच्या मराठी लेखांत 'स्वभावदोष' हा शब्द बहुधा भेटतोच. इंग्रजीतल्या 'ट्रॅजिक फ्लॉ'चा हा वारसा. मूळ ग्रीक नाम 'हमार्तिया' मात्र वेगळ्या कुळातले आहे.

नाम स्त्रीलिंगी, 'हमार्तानेइन' या क्रियापदाच्या घरातले. 'इलियड'मध्ये भाला नेम चुकून जातो तेव्हा हेच क्रियापद येते, आणि जे हुकले ते षष्ठीत. 'पोएटिक्स'च्या 13व्या प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल हे नाम 'दिआ' या अव्ययासह द्वितीयेत योजतो, अर्थ 'मुळे'. एकदा सोबत 'कुठलीशी' अशा अर्थाचे विशेषण आहे, पुढे 'मोठी' असे. दोष माणसात असतो, चूक माणसाकडून होते. पण इथे घाई नको : दुष्टपणामुळे नव्हे, असे अ‍ॅरिस्टॉटल त्याच वाक्यात म्हणतो तेव्हाही 'दिआ'च वापरतो, आणि दुष्टपणा तर स्वभावातलाच. म्हणजे केवळ विभक्तीवर निकाल लागत नाही.

निकाल लावते ती करुणा. त्याच प्रकरणात तो सांगतो की करुणा वाटते ती वाट्याला येऊ नये ते भोगणाऱ्याविषयी. आता ईडिपस तापट होता म्हणून बुडाला असे म्हटले, तर त्याने भोगले ते त्याचेच फळ ठरते आणि करुणा आटते. तिवाठ्यावर त्याने लायसला मारले ते तापटपणाने असेलही. पण तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि नाटक उभे आहे ते या अज्ञानावर. 'स्वभावदोष' या एका शब्दाने आपण प्रेक्षकाला न्यायाधीश करून टाकतो.

मग शब्द कोणता? 'पाप' नको, तो अर्थ बायबलच्या ग्रीकमध्ये पक्का झाला. 'अपराध' मोह पाडतो : संस्कृतात 'अपराद्धपृषत्क' म्हणजे ज्याचा बाण लक्ष्य सोडून जातो तो धनुर्धर, अमरकोशात तो आहे. पण आजच्या मराठीत अपराध पोलिसांच्या स्वाधीन झाला आहे. राहते 'चूक'. हिंदी-गुजरातीतही ती घरचीच, आणि मराठीत नेम चुकतो, वाटही चुकते. शब्द हलका वाटतो खरा, शुद्धलेखनाचीही चूकच म्हणतात. पण वजन द्यायला अ‍ॅरिस्टॉटलनेही 'मोठी' हे विशेषणच घेतले. त्या प्रकरणाच्या अनुवादात मी आधी 'कुठल्याशा चुकीमुळे' आणि पुढे 'मोठ्या चुकीमुळे' असेच लिहीन.