टर्मिनल निवडताना : लिनक्सवरील पॅकेट रेडिओच्या तीन आज्ञावल्या

हॅम रेडिओ म्हणजे बिनतारी यंत्रावरच्या गप्पा, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु परवानाधारक हौशी मंडळी १९७८ सालापासून टंकलेला मजकूरही रेडिओवरून पाठवीत आली आहेत. या पद्धतीला पॅकेट रेडिओ म्हणतात. लिनक्सवर त्यासाठी लागणाऱ्या आज्ञावल्या मोफत मिळत असल्याने शाळेच्या विज्ञान मंडळाला हा उपक्रम परवडण्यासारखा आहे. प्रश्न पडतो तो टर्मिनलचा. ज्या आज्ञावलीत आपण मजकूर टंकतो आणि आलेला वाचतो, ते टर्मिनल. अशा तीन आज्ञावल्या आम्ही शिक्षकाच्या नजरेने पाहिल्या.

आधी कसोटी ठरवू. पॅकेट रेडिओचे काम रजिस्टर पत्रासारखे चालते. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे संकेतनाम असते. आत साधारणपणे २५६ बाइटपर्यंत मजकूर असतो आणि शेवटी १६ बिटांचा तपासणी-अंक असतो. घेणारा संगणक तो अंक स्वतः काढून पाहतो. जुळला तर पोच पाठवतो, न जुळल्यास पॅकेट टाकून देतो. ठरावीक वेळात पोच आली नाही, की पाठवणारा पुन्हा प्रयत्न करतो. नेहमीचा वेग सेकंदाला १२०० बिट, म्हणजे १५० बाइट. एका भरलेल्या पॅकेटला सुमारे दोन सेकंद लागतात. हा संथपणा वर्गात उपयोगीच पडतो, कारण घडणारी गोष्ट डोळ्यांनी पाहता येते.

येथेच विद्यार्थ्याची फसगत होते. टंकलेली ओळ आपल्याच पडद्यावर उमटली, की ती पोचली असे त्याला वाटते. म्हणून आमची पहिली कसोटी अशी : टर्मिनल पोच दाखवते का?

प्रयोगासाठी दोन संगणक घ्यावेत. प्रत्येकावर जॉन लँगनर यांची ‘डायर वुल्फ’ ही आज्ञावली चालवावी. ती साउंड कार्डाच्या साहाय्याने बिटांचे १२०० आणि २२०० हर्ट्झचे स्वर बनवते व ऐकलेल्या स्वरांचे पुन्हा बिट करते. एकाचा ध्वनी दुसऱ्याच्या मायक्रोफोनच्या जागी, दुसऱ्याचा पहिल्याच्या, अशा दोन केबली जोडाव्यात आणि आवाज कमी ठेवावा. यात हवेत काहीच प्रक्षेपित होत नाही. प्रत्यक्ष प्रक्षेपणाला मात्र परवाना हवाच.

पहिली जोडी ‘अ‍ॅक्सकॉल’ आणि ‘अ‍ॅक्सलिसन’. एकीत संभाषण करायचे, दुसरीत वाहिनीवरची सारी वाहतूक पाहायची. जोडणीची मागणी, तिचा स्वीकार, मजकूर, पोच हे सगळे एकाखाली एक ओळींत दिसते. शिकवण्याच्या दृष्टीने याहून स्वच्छ काही नाही. पण ही जोडी लिनक्सच्या गाभ्यात १९९०च्या दशकात घातलेल्या एएक्स.२५ या भागावर अवलंबून आहे. ज्या संगणकावर तो भाग नाही तेथे ती चालत नाही. शिवाय सुरुवातीची मांडणी करताना संगणकाच्या व्यवस्थापकाचे अधिकार लागतात. नवख्या शिक्षकाचा उत्साह येथेच ओसरण्याची भीती आहे.

दुसरी ‘लिनपॅक’. हिलाही तोच भाग लागतो. एकाच वेळी अनेक केंद्रांशी बोलणे, आलेल्या पॅकेटांवर लक्ष ठेवणे अशा सोयी तिच्यात आहेत. रोज केंद्र चालवणाऱ्याला ती आवडेल. मात्र हिच्यात आज्ञेपूर्वी अपूर्णविरामाचे चिन्ह (:) द्यावे लागते. ते विसरले, की आज्ञा संगणकाला न जाता मजकूर म्हणून पलीकडच्या केंद्राला जाते! चाळीस मुलांच्या वर्गात हे व्हायचेच.

तिसरी जॉन वाइझमन यांची ‘क्यूटीटर्मटीसीपी’. हिला गाभ्यातील त्या भागाची गरज नाही. ती थेट डायर वुल्फशी जोडता येते. खिडक्या आणि माउस असल्याने मुले लवकर रुळतात, आणि वाहतूक वेगळ्या भागात दाखवण्याची सोयही आहे. दोष असा की जोडणीचे प्रकार बरेच, आणि त्यांतला आपला कोणता हे नवख्याला कळत नाही. शिक्षकाने मांडणी आधी करून ठेवणे बरे.

मराठी शाळांसाठी आणखी एक कसोटी सुचवतो. ‘नमस्कार’ पाठवून पाहा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत या शब्दाची सात चिन्हे होतात आणि प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. इंग्रजी सात अक्षरांना सातच पुरतात. पलीकडे शब्द नीट उमटला नाही, तर दोष रेडिओचा की टर्मिनलचा, हे मुलांनाच शोधू द्यावे. तपासणी-अंक जुळून पोच आली असेल, तर रेडिओ निर्दोष आहे.

आमचा निर्णय असा. वर्गासाठी क्यूटीटर्मटीसीपी घ्यावी, पण डायर वुल्फची खिडकी शेजारी उघडी ठेवावी. ती ओबडधोबड दिसते म्हणून झाकून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. गोडी लागलेल्या वरच्या वर्गातील मुलांना पुढे पहिली जोडी द्यावी.

मग संभाषण चालू असताना एक केबल काढावी, ती परत लावून दुसरी काढावी. एका वेळी पत्रच पोचत नाही. दुसऱ्या वेळी पत्र पोचते, पण पोच परत येत नाही. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर दोन्ही वेळा सारखेच दिसते : उत्तर नाही, पुन्हा प्रयत्न. फरक समजतो तो पलीकडच्या संगणकावर जाऊन पाहिल्यावरच. उत्तर आले नाही एवढ्यावरून निरोप पोचला नाही असे म्हणता येत नाही, हे मुलांना येथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. हे दाखवू शकेल तेच टर्मिनल शाळेच्या उपयोगाचे.